सतरा नंबरचा फॉर्म आणि आपली लाज

दिवेआगरला येणारा पाहुणा समुद्र पाहतो, सुवर्ण गणेशाच्या देवळात जाऊन येतो, उकडीचे मोदक खातो आणि परत फिरतो. याच गावात शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा ताम्रपट सापडला आणि मराठी लेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्याची गणना होते, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळापूर्वी जिथे मराठीत लिहून ठेवले जात होते, तिथे आज घरात एखादा अर्ज भरायची वेळ आली की चाळिशीचा कर्ता माणूस शेजारच्या कॉलेजातल्या पोराला हाक मारतो. "मला वाचता येतं रे, पण तूच भर." वाचता येते हे खरेच असते. सातवी-आठवीपर्यंत तो शाळेत गेलेला असतो. तो अडतो 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी.

एरवी हा रकाना फारसा कोणाला टोचत नव्हता. सुपारी-नारळाची वाडी होती, मुंबईहून मनीऑर्डर येत होती, दहावीवाचून चूल पेटायची राहत नव्हती. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हा हिशेब मोडला. श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे नवे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालवायचे, म्हणून जो तो दुसरी वाट शोधू लागला, आणि जिथे जाल तिथे दारावर एकच प्रश्न. दहावी आहे का?

पोलीस पाटील व्हायचे तर दहावी हवी, तीही पंचवीस ते पंचेचाळीस या वयात. पोस्टात ग्रामीण डाक सेवक व्हायचे तर दहावी, त्यात गणित आणि इंग्रजी. अंगणवाडीत पूर्वी दहावीवर सेविका होता येई, २०२३ पासून नव्या भरतीला बारावी मागतात. ग्रामपंचायतीला उभे राहायचे असेल आणि जन्म १ जानेवारी १९९५ नंतरचा असेल, तर सातवी तरी पास लागते. म्हणजे ज्या बाईने बचत गटाची वही दहा वर्षे चोख ठेवली, तिला कागदावर मात्र काही येत नाही असे धरले जाते. हा अन्याय आहे असे आम्हाला वाटते. पण भरतीचे नियम इथल्या पारावर बदलत नाहीत. दाखला मिळवणे मात्र आपल्या हातात आहे.

"आता कुठं शिकायचं, पोरगीच दहावीला बसलीय!" असे म्हणू नका. दहावीला बसायला वरची वयोमर्यादा नाही. राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचे, यालाच आपण सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो. चौदा वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि पाचवी पास असावी, एवढे पुरते. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, कागदपत्रे आणि पुढचे सोपस्कार तिथेच. आपला जिल्हा मुंबई विभागीय मंडळात मोडतो, पण तुम्हाला वाशीपर्यंत धावायचे कारण सहसा पडत नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतले तर बहुतेक काम शाळेतच होते.

एक घोळ इथे नेहमी होतो. दहावीपूर्वीच शाळा सोडलेल्यांसाठी सतरा नंबर. जे दहावीला बसले आणि नापास झाले, त्यांचा मार्ग वेगळा. त्यांनी जुनी गुणपत्रिका घेऊन आपल्या शाळेत जावे आणि पुनर्परीक्षार्थी म्हणून अर्ज करावा. गुणपत्रिका फाडून चुलीत घातली असेल (रागाच्या भरात असे करणारे थोडे नाहीत), तर बसल्याचे साल आणि आसन क्रमांक आठवून ठेवावा.

सतरा नंबरसाठी खरा मोलाचा कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मूळ दाखला हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत घ्यावी आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. वादळात कित्येकांच्या पेट्या भिजल्या, पण शाळेच्या जनरल रजिस्टरात तुमचे नाव असतेच. ते काढून घ्या. लग्न होऊन आलेल्या बायांची आणखी एक अडचण. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे. एवढ्यावरून कितीतरी जणी अर्ज न भरताच घरी बसतात. नाव दाखल्याप्रमाणे भरावे आणि दोन्ही नावांचा मेळ घालायला विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. लग्नाची नोंद केली नसेल तर ती आधी करून घ्यावी. ते दप्तर ग्रामपंचायतीतच आहे.

गणिताला घाबरणाऱ्यांसाठी दुसरी वाट आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली. तिथे पाच विषय आपण निवडायचे, मराठीतूनही परीक्षा देता येते, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, आणि पास झालेला विषय जमा राहतो. एका हंगामाला एक-दोन विषय सोडवणाऱ्या कष्टकरी माणसाला हे सोयीचे. तिचे प्रमाणपत्र मंडळाच्या दहावीच्या बरोबरीचे धरतात. मात्र पोस्टाच्या नोकरीवर डोळा असेल तर गणित टाळून चालायचे नाही, हे आधीच ध्यानात घ्या. ज्यांची पाचवीसुद्धा राहिली त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेते.

मग अडते कुठे? अडते लाजेपाशी. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आपल्या याच किनाऱ्याचे. सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून ते साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतोस म्हणून परीक्षेला न बसताच परत आले. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढे त्यांच्याशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई विधवा झाल्यानंतर, विशीत, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला बसल्या. त्या काळी लोक त्यांना काय म्हणाले असतील याची कल्पना करा. तुम्हाला पारावरचे चार जण हसतील, इतकेच.

आणि अडते वेळेपाशी. फॉर्मची मुदत बहुधा पावसाळ्यात येते, तेव्हा आपण लावणीत गुंतलेले. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन शिमग्याच्या तोंडावर, पालखी दारात आणि भूमितीचा पेपर उद्या. पर्यटकांचे घर चालवणाऱ्या बाईला शनिवार-रविवार म्हणजे फुरसत नव्हे, दुप्पट काम. मंडळाचे वेळापत्रक आपल्यासाठी सरकणार नाही, पण अभ्यासाची वेळ गावाने ठरवायची आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी साठीच्या पुढच्या आजीबाईंची शाळा निघाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. तिची वेळ ठेवली दुपारची, आजींची घरकामे उरकल्यावरची. गुलाबी साड्यांचे फोटो सगळीकडे छापून आले, ही वेळेची गोष्ट फारशी कोणी सांगितली नाही. आमच्या मते त्या शाळेचे निम्मे यश त्या वेळेत आहे.

आपल्याकडेही वेळ आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, भरडखोलच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पाहुण्यांचीही वर्दळ ओसरते. संध्याकाळी सातनंतर जिल्हा परिषद शाळेची एक खोली, दोन दिवे, आणि निवृत्त शिक्षक किंवा बोर्ली पंचतनला कॉलेजात जाणारी दोन पोरे, एवढ्यावर वर्ग उभा राहतो. गिरणगावातल्या रात्रशाळांत आपल्याच गावांकडचे चाकरमानी पाळी संपवून शिकले, ते यापेक्षा अधिक सोयीत नव्हे.

सरपंच आणि सदस्यांना सांगणे आहे की घरोघरच्या पाहणीत "शाळा कितवीत सोडली" हा एक प्रश्न वाढवा, यादी करा आणि ती मुख्याध्यापकांकडे द्या. मुख्याध्यापकांना विनंती अशी की दुय्यम दाखल्यासाठी आलेल्या माणसाला "कशाला हवाय या वयात?" असे विचारू नका. तो उंबऱ्यावर येण्याआधी आठ दिवस घरात विचार करत बसलेला असतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेता येईल. त्यासाठी तो विषयपत्रिकेवर हवा, तेव्हा लेखी अर्ज ग्रामपंचायतीत आधीच द्या आणि पोच घ्या. अर्जाखाली सही तुमचीच असू द्या.