छायाचित्राची साक्ष

कानांनी ऐकलेल्या गोष्टीपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर मनुष्याचा विश्वास अधिक बसतो. छायाचित्रास तर आपण आपल्या डोळ्यांचा मुखत्यारच मानतो. परंतु आता कृत्रिम बुद्धिमत्तेस दोन ओळींची आज्ञा केली असता, कधी न बांधलेला वाडा चित्रात उभा राहतो आणि रोजच्या चौकातून नदी वाहू लागते. असल्या चित्रांविषयी विद्यार्थ्यांनी व त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कोणती वृत्ती ठेवावी, याचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

एखाद्या स्थळास कल्पनेने दुसरे रूप देणे हा मुळात अपराध नव्हे. आमचा कृष्णाकाठ या कलेस चांगला परिचित आहे. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' नाटक केले, तेव्हा येथल्याच भूमीची मिथिला झाली. वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागे जो घाट कृष्णेत उतरतो, तोच २००४ साली 'स्वदेस' चित्रपटात उत्तरेकडील चरणपूर गावचा घाट झाला. त्याच्या आदल्याच वर्षी 'गंगाजल' चित्रपटासाठी वाईने बिहारमधील तेजपूरचा वेश घेतला होता. यात कोणाचीही फसवणूक झाली नाही. आपण नाटक पाहत आहो, हे प्रेक्षक जाणून होता.

याउलट उदाहरण लखनौचे पाहा. तेथील सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये घनघोर लढाई झाली. पुढील वर्षी फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने त्या भग्न इमारतीचे चित्र घेतले. त्यात अंगणभर मनुष्यांच्या अस्थी पसरलेल्या दिसतात. त्या चित्रासाठी मुद्दाम मांडल्या गेल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. इमारत खरी, लढाई खरी, मृत्यूही खरे. परंतु नुकत्याच संपलेल्या रणाचा जो भास चित्र उत्पन्न करते, तो खरा नव्हे. त्या काळी संगणक नव्हता. तेव्हा दोष यंत्राचा नसून, रचलेल्या दृश्यास प्रत्यक्ष पाहिलेले म्हणून पुढे करण्याचा आहे.

हा केवळ पांडित्याचा वाद आहे, असे कोणी समजू नये. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. पावसाळ्यात साऱ्या शहराचे लक्ष तेथील पाण्याच्या पातळीकडे लागते. चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका, हे येथल्या पोरासोरांसही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. अशा वेळी कोणी गमतीने बुडालेल्या पुलाचे बनावट चित्र धाडले, तर एखादे कुटुंब म्हाताऱ्याकोताऱ्यांस घेऊन भर रात्री वृथा घर सोडील. उलट, उघड्या पुलाचे जुने चित्र आजचे म्हणून धाडले, तर दुसरे कुटुंब घरातच अडकून पडेल. याहूनही मोठी हानी अशी की, चार वेळा फसलेला मनुष्य पाचव्या वेळी खऱ्या चित्रावरही विश्वास ठेवीत नाही. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण बालवर्गातच शिकलो आहो.

कोणी म्हणतील, चित्राखाली खुलासा लिहिला म्हणजे त्याची मौज जाते. आम्हांस हे पटत नाही. वास्तुशिल्पी न बांधलेल्या इमारतीचे चित्र काढतो व ते संकल्पित आहे असे सांगतो. तेवढ्याने त्याची योग्यता उणी होत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनीही साताऱ्याच्या पोवई नाक्यावर गर्द झाडांची सावली खुशाल रेखाटावी, आयर्विन पुलाजवळ म्हाताऱ्यांस बसण्यासाठी सुंदर ओटे कल्पावेत. गाव कसे असावे, हे अशा चित्रांवरून मोठ्यांसही सुचेल. मात्र खाली 'कल्पनाचित्र' हा एक शब्द लिहिण्यास विसरू नये.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हाती आलेले चित्र पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे कोठले, केव्हाचे आणि कोणी काढलेले? उत्तर न मिळाल्यास चित्र आपल्यापाशीच राहू द्यावे. पुराच्या दिवसांत तर सरकारी सूचनेवाचून कोणत्याही चित्रावर विसंबू नये. मुले हे सारे पाहत असतात. घरातील वडील माणसे चित्राची साक्ष तपासून घेतात असे दिसले, म्हणजे मुलांस त्यासाठी निराळा धडा द्यावा लागणार नाही.