रिवाइंड न केलेली कॅसेट

यंदा रमजानच्या आधी घराची साफसफाई काढली, तेव्हा पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वरच्या कागदावर लायब्ररीचा पुसट शिक्का आणि हाताने घातलेला नंबर, ११७. बाजारपेठेतल्या चाचांच्या लायब्ररीची ही कॅसेट. अब्बांनी कधीतरी आणली आणि परत करायची राहून गेली. अब्बांना जाऊन नऊ वर्षे झाली, लायब्ररी बंद होऊन त्याहूनही जास्त.

मुले हसली. "आता ती लावायची कशावर? द्या भंगारात," असे त्यांचे मत पडले. अम्मीला मात्र हसू आले नाही. ती एवढेच म्हणाली, "ज्याची आहे त्याला देऊन या. भाडंही विचारा. तुमच्या अब्बांच्या डोक्यावर कोणाचं काही राहायला नको."

व्हिडिओ लायब्ररी काय चीज होती, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. १९८२ साली एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास आपल्या कोकणपट्टीत व्हीसीआर येऊ लागले. ते आले आखातातून. कुवेत, दुबई, सौदीला गेलेला मामू किंवा चाचा सुट्टीवर आला की अत्तर, खजूर आणि कापडाबरोबर एक जड खोकेही उतरायचे. ज्यांच्या घरी कोणी परदेशात नव्हते, ते टीव्ही आणि व्हीसीआर दोन्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणत, सोबत तीन कॅसेटी. इशानंतर पहिली लागायची, फजरच्या अजानपर्यंत तिसरी संपवायची. बायकांची बसायची जागा वेगळी, पोरे अगदी पुढे जमिनीवर.

चाचांचे दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. तीन भिंतींना कॅसेटी, समोर लाकडी काउंटर, काउंटरवर लांबट वही. अनामत भरली की मेंबर. कॅसेट दुसऱ्या दिवशी परत, रिवाइंड करून. नाही केली तर एक रुपया जास्त. पावसाळ्यात टेपला बुरशी धरायची, म्हणून चाचा कपाटात दिवसभर बल्ब पेटता ठेवायचे. पण त्यांच्या दुकानाची खरी मालमत्ता म्हणजे त्यांची माहिती. कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत, कोणाच्या मुलीची दहावी आहे, कोणत्या घरात सिनेमा अजिबात चालत नाही, सगळे त्यांना ठाऊक. आम्ही नववीत असताना एक कॅसेट मागितली, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "ही तुझ्या अब्बांना घेऊन जाऊ दे." विषय तिथेच संपला.

अशा दुकानांवर संकटे एकामागून एक आली. १९९० नंतर केबल आली आणि केबलवालाच संध्याकाळी आपल्या खोलीतून सिनेमा लावू लागला. मग व्हीसीडी आली. चाचांनी कॅसेटी मागच्या फळीवर सरकवून तबकड्या पुढे मांडल्या. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. दोन-तीन दिवसांच्या भाड्यात सिनेमा कायमचा घरी येत असेल, तर भाड्याने कोण नेणार? शहरांत टपालाने डीव्हीडी घरपोच देणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्या आमच्या तालुक्यापर्यंत काही पोहोचल्या नाहीत. आमच्याकडे आले मोबाइलचे दुकान. तिथे मेमरी कार्ड द्यायचे आणि वीस-तीस रुपयांत सिनेमे "भरून" घ्यायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरणाऱ्याचाही धंदा बसला. ज्या स्वस्त तबकडीने लायब्ररी संपवली, ती काढणारी कंपनीसुद्धा २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली. एकाने दुसऱ्याला हटवायचे आणि तिसऱ्याने त्याला, असा हा बाजार.

हे फक्त आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत ब्लॉकबस्टर नावाची व्हिडिओ दुकानांची साखळी होती. २००४ च्या सुमारास तिची नऊ हजारांवर दुकाने होती. उशिरा परत केल्याबद्दलचा दंड हे तिच्या कमाईचे मोठे साधन होते, आणि गिऱ्हाईक वैतागायचे ते त्याच दंडाला. १९९८ पासून टपालाने डीव्हीडी पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सने पुढे महिन्याचे ठरावीक पैसे घेऊन दंडच काढून टाकला. २०१० मध्ये ब्लॉकबस्टरने दिवाळखोरी जाहीर केली. त्या नावाचे एकच दुकान आता ऑरेगॉन राज्यातल्या बेंड या गावात उरले आहे. टपालाच्या डीव्हीडीसुद्धा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या.

असो. आम्ही कॅसेट पिशवीत घालून चाचांच्या घरी गेलो. गाळ्यात आता त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरे आणि चार्जर विकतो. चाचा ओटीवर बसले होते. कॅसेट हातात दिली तशी त्यांनी सवयीने ती उजेडात धरली, खिडकीतून टेप पाहिली आणि म्हणाले, "रिवाइंड केलेली नाही."

आम्ही भाड्याचा विषय काढला. त्यांनी हात वर केला. "दुकान बंद केलं त्या दिवशी वहीतलं सगळं माफ केलं. तुमच्या अब्बांचंही त्यात आलं. अम्मीला सांगा, निर्धास्त राहा." आम्ही उठणार, तेवढ्यात ते पुन्हा बोलले. "तुम्ही मास्तर लोक, तुम्हाला विचारतो. तुमची एक कॅसेट राहिली तर तुम्ही परत करायला आलात. माझ्याकडच्या निम्म्या कॅसेटी कॉपी केलेल्या होत्या. मुंबईहून यायच्या, आम्ही एकीच्या चार करायचो. ज्यानं सिनेमा बनवला त्याला त्यातला एक पैसा गेला नाही. तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं. मी कोणाच्या घरी जाऊ परत करायला?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चहा घेऊन आम्ही परत आलो.

व्हिडिओ लायब्ररीची आठवण काढताना आपण हा भाग सोयीने विसरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली जी दुरुस्ती झाली, ती मुख्यतः व्हिडिओच्या चोरट्या प्रतींमुळे. गावोगावची निम्मी दुकाने अशा प्रतींवर चालली. मालेगावचे नासिर शेख यांचेच पाहा. ते व्हिडिओ पार्लर चालवायचे. पुढे त्यांनी मित्रांना जमवून तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' बनवला. 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला. त्यातही चोरट्या व्हिडिओचा धंदा आणि त्यावरची धाड येते. दुसऱ्याचे दाखवण्यापेक्षा आपले स्वतःचे बनवू, इथून त्यांची गोष्ट सुरू होते.

चाचांचा प्रश्न डोक्यात असतानाच ऑगस्ट उजाडला. आमिर खान यांनी 'सितारे जमीन पर' हा चित्रपट जूनमध्ये थिएटरात लावला होता. १ ऑगस्ट २०२५ पासून त्यांनी तो कोणत्याही मासिक वर्गणीच्या अ‍ॅपला न देता यूट्यूबवर भाड्याने ठेवला. भाडे शंभर रुपये, एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तासांत पाहून संपवायचा. आम्ही मुलांना म्हटले, अरे, ही तर चाचांची लायब्ररी! एक सिनेमा, ठरलेले भाडे, ठरलेली मुदत. मोठा भाचा म्हणाला, "शंभर कशाला? टेलिग्रामवर फुकट आलाय. लिंक आहे माझ्याकडे."

इथे आम्ही थबकलो. मेमरी कार्ड भरून घेताना आम्ही स्वतः असा विचार केला होता का? नव्हता केला. म्हणून भाच्यावर ओरडायचा हक्क आम्हाला नव्हता. त्याला चाचांची गोष्ट तेवढी सांगितली.

भाड्याच्या व्यवहाराबद्दल आपल्या फिक्‌हमध्ये साधा, स्वच्छ विचार आहे. त्याला इजारा म्हणतात. भाडे किती ते दोघांना माहीत हवे, मुदत किती तेही माहीत हवे, आणि वस्तू देणाऱ्याचा तिच्यावर हक्क हवा. आता घरातले पर्याय या मापाने मोजून पाहा. शंभर रुपये देऊन दोन दिवसांसाठी घेतलेला सिनेमा या मापात बसतो, आणि चाचांच्या दुकानात जे जमत नव्हते तेही इथे जमते. पैसा बनवणाऱ्याकडे जातो. फुकटची लिंक कोणत्याच मापात बसत नाही, मग तिला "शेअरिंग" म्हणा की आणखी काही. चाचांना आज ज्याचे ओझे वाटते, ते आपली मुले रोज बोटाच्या एका टोकाने उचलत आहेत.

मासिक वर्गणीचे अ‍ॅप या दोहोंच्या मधले. व्यवहार सरळ आहे, पण मुदत आपोआप वाढत जाते आणि आपण विसरतो. आमच्याच घरात एका अ‍ॅपचे पैसे अम्मीच्या पेन्शनच्या खात्यातून आठ महिने कापले जात होते. लावले होते पाहुण्या मुलांनी, एका क्रिकेट मालिकेसाठी. पाहत कोणीच नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याच्या निदान चोवीस तास आधी सूचना यायला हवी. ती येत होतीही, पण अम्मी इंग्रजी मेसेज उघडत नाही आणि आम्ही तिचा फोन पाहत नाही. चाचा चार दिवसांनी दारात येऊन "कॅसेट राहिली" म्हणायचे. अ‍ॅपला दार नाही.

नव्या सोयीत उणे पडते ते इथेच. काउंटरमागचा माणूस गेला. "ही अब्बांना घेऊन जाऊ दे" म्हणणारे कोणी उरले नाही. पूर्वी एक कॅसेट दहा जण बघायचे, नको ते दृश्य आले की कोणीतरी उठून बटण दाबायचे. आता दहा जणांचे दहा फोन, कानात इअरफोन, आणि कोण काय पाहतो ते शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. सोय वाईट नाही. पण चाचा जे काम करायचे ते आता घरातल्या मोठ्यांवर आले आहे, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ते अंगावर घेतलेले नाही.

ते काम फार अवघडही नाही. २०२१ च्या सरकारी नियमांनुसार या अ‍ॅप्सना प्रत्येक चित्रपटावर वयाचा शेरा द्यावा लागतो. सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि प्रौढांसाठी, अशा पायऱ्या आहेत. १३ वर्षांवरील आणि त्यापुढच्या चित्रपटांना कुलूप लावायची सोय देणे बंधनकारक आहे. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मुलांचे वेगळे प्रोफाइल आणि पिन असतो, तो आजच लावा. आणि तो मुलाच्याच जन्मतारखेचा ठेवू नका, आम्ही ही चूक केली आहे! यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे असा भाग असतो. तिथे जाऊन दर महिन्याला काय काय कापले जाते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. नको ते तिथल्या तिथे बंद करता येते. ज्या घरात सिनेमा पाहिलाच जात नाही, त्यांनीही हे करावे. फोन तर त्या घरातही आहेत.

आमच्या घरात आता एक नियम ठरला आहे. फुकटच्या लिंका बंद. महिन्यातून एखादा सिनेमा, सर्वांनी मिळून निवडायचा, पैसे भरून घ्यायचा आणि बैठकीच्या खोलीत एकत्र पाहायचा. भाच्याने पहिल्याच महिन्यात हिशेब मांडला, शंभर रुपये भागिले अकरा माणसे. माणशी नऊ रुपये आणि काही पैसे, म्हणजे चाचांच्या भाड्यापेक्षाही स्वस्त.

अकरावे माणूस चाचाच होते. आम्ही त्यांना मुद्दाम बोलावले होते. सिनेमा संपला तसे त्यांनी विचारले, "परत कधी करायचा हा?"

"करायचा नसतो, चाचा. परवा आपोआप जातो," भाचा म्हणाला.

"आणि पैसे?"

"ते आधीच गेले. ज्यांचा सिनेमा आहे त्यांना."

चाचांनी मान हलवली. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "बरं झालं. वही ठेवायला नको."