थेंब कोठे, गळती कोठे

इंदूरहून सुमारे ५५ किलोमीटर धावून आलेली मोटार नानाखेड्याच्या बसस्थानकापाशी उभी राहिली आणि तिच्याखाली ओल दिसली, की प्रथम त्या ओलीचा रंग पाहावा. रंगहीन, गंधहीन पाणी बहुधा वातानुकूलन यंत्राचे असते. हिरवट वा तांबूस, गुळचट वासाचा द्रव असेल तर मात्र ते कूलंट होय. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड परंतु विषारी असते. लहान मुले व मुकी जनावरे यांस तेथे फिरकू देऊ नये.

अशा वेळी रेडिएटरचे झाकण तत्काळ उघडण्याचा मोह अनेकांस होतो. तो मोठा घातक. प्रेशर कुकरप्रमाणे दाबामुळे आतील द्रव १०० अंशांपुढेही उकळत नाही. झाकण फिरताच दाब सुटतो आणि वाफाळते फवारे तोंडावर येतात. इंजिन पूर्ण निवू द्यावे, तास-दोन तास गेले तरी चालतील.

थेंब पडतो तेथेच गळती असते, असे नव्हे. धावत्या गाडीत वारा द्रवास मागे लोटतो. म्हणून शोध थेंबापासून वर व पुढे घ्यावा. सुकलेला पांढरट वा रंगीत डाग हाच खरा माग. रबरी नळ्यांची टोके, रेडिएटरच्या कडा, वॉटर पंपाचे बारीक छिद्र न्याहाळावे. तरीही न उमगल्यास मिस्त्रीकडून थंड यंत्रणेत हातपंपाने दाब भरवून पाहावा.

बाहेर कोठेच ओल नाही, तरी पातळी उतरते आणि मागून पांढरा धूर निघत राहतो, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. मग ‘पानी डालो और चलो’ हा रस्त्यावर फुकट मिळणारा सल्ला ऐकू नये. गाडी ओढूनच न्यावी.