'वडिलोपार्जित' शब्दाचा तिढा

बारावीनंतर विधी महाविद्यालयात आलेला विद्यार्थी हिंदू वारसा कायद्याच्या तासाला कोरी पाटी घेऊन बसत नाही. सातबारा, फेरफार, वारसनोंद, भावकी हे शब्द त्याने घरी ऐकलेले असतात. निवाडे मात्र इंग्रजीत, आणि शिकवणे दोन्ही भाषांच्या मिश्रणात. 'को-पार्सनर'साठी 'सहदायाद' हा संस्कृत शब्द योजला, तर विद्यार्थ्याला तो इंग्रजीइतकाच परका वाटतो. पण अपरिचित शब्द निदान पाठ तरी केला जातो. खरा घोटाळा ओळखीचा शब्द करतो.

'ॲन्सेस्ट्रल प्रॉपर्टी'चे भाषांतर 'वडिलोपार्जित' असे सर्रास केले जाते. बोलीत वडिलांकडून आलेले सारेच वडिलोपार्जित. कायद्याचा अर्थ याहून पुष्कळ अरुंद आहे. आजोबांनी स्वकष्टाने जमीन घेतली, १९५६ च्या अधिनियमानंतर ते मृत्युपत्र न करता वारले आणि कलम ८ नुसार वडिलांना हिस्सा मिळाला, तर तो वडिलांचा स्वतंत्र मालकीचा होतो. नातवाला त्यात जन्मतः हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले. तरीही 'आजोबांची जमीन, म्हणजे माझा हिस्सा आहेच' हे उत्तर विद्यार्थी ठामपणे देतात.

मुलींच्या बाबतीत हा तिढा अधिक महागात पडतो. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद केले, पण त्याआधी विवाह झालेल्यांना वगळले. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट उरली नाही. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले रीतसर वाटप या दुरुस्तीने मोडत नाही. या साऱ्या तारखा परीक्षेपुरत्या मुखोद्गत होतात. पण माहेर तुटू नये म्हणून आईने किंवा आत्याने सही केलेल्या हक्कसोडपत्रात नेमका कोणता हक्क सोडला गेला, हे त्यांच्या आधारे सांगता येत नाही.

ते दस्त मराठीतच असतात. नावे झाकून असा एखादा दस्त वर्गात वाचायला द्यावा, शेजारी कलम ६ चा इंग्रजी मजकूर ठेवावा आणि विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे : ही जमीन मुळात कोणी, कधी आणि कशी मिळवली?