अंगठ्याने सीट घेऊ नका!

मागच्या शनिवारी एका मित्राबरोबर सायकलच्या दुकानात गेलो होतो. नवी सायकल घेऊन महिना झाला, बूड दुखतंय, सीट बदलायची. दुकानदाराने लगेच उशीएवढी जाड जेलची सीट पुढे केली. मित्राने ती अंगठ्याने दाबून पाहिली, अंगठा आत रुतला आणि साहेब खूश! पिकलाय की नाही म्हणून आंबा दाबून बघतात ना, अगदी तसंच.

अरे बाबा, तू सायकलवर अंगठा टेकणार आहेस का?

हसायचा मला हक्क नाही म्हणा. तीन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं, वर अकरावीचं फिजिक्स लावून! प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया. सीट मऊ आणि रुंद, म्हणजे एरिया जास्त, म्हणजे प्रेशर कमी. झालं! त्या सीटवर खडकवासल्याला गेलो आणि येताना लक्षात आलं की नको तिथे काही जाणवतच नाहीये. चेन बघायचं नाटक करत रस्त्याकडेला दहा मिनिटं उभा राहिलो. संवेदना परत आली, पण जाम टरकलो होतो. आणि हे सांगणार कुणाला?

फिजिक्स बरोबर होतं, शरीररचना मी विसरलो होतो. आपण बसतो ते मांसावर नाही, कमरेच्या हाडाच्या खालच्या दोन टोकांवर. भार तिथेच पडायला हवा. फार मऊ सीटमध्ये ही टोकं खाली रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमक्या त्या नाजूक जागेवर दाबतो, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. दाब पसरला खरा, पण भलत्याच ठिकाणी.

दुसरी जमात त्याहून डेंजर: 'सवय होईल रे!' अर्धसत्य. हाडांच्या जागी दुखतं ते काही राइड्समध्ये कमी होतं. बधिरपणाची सवय करायची नसते. तो इशारा असतो. तिथे थांबायचं, सीट बघायची, आणि तरीही जात नसेल तर लाज सोडून डॉक्टरकडे जायचं.

मग सीट निवडायची कशी? खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, जिन्याच्या पायरीवर ठेवा, त्यावर बसा आणि थोडं पुढे वाका. दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. सीटची रुंदी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर जास्त हवी. ताठ बसत असाल तर अजून जास्त, खूप वाकून चालवत असाल तर कमी. आजोबांच्या काळ्या सायकलची स्प्रिंगवाली रुंद सीट चूक नव्हती, कारण आजोबा ताठ बसायचे. तीच सीट वाकून चालवायच्या सायकलला लावलीत तर मांड्या सोलून निघतील. बायकांच्या हाडांमधलं अंतर सरासरी जास्त असतं हे खरं, पण म्हणून 'लेडीज सीट' म्हणून जे काही गळ्यात मारतील ते घ्यायचं नाही. मोजायचं!

मऊपणाचं म्हणाल, तर ब्रुक्स ही इंग्लंडमध्ये १८६६ साली सुरू झालेली कंपनी. तिच्या नुसत्या ताणलेल्या चामड्याच्या सीट आजही विकल्या जातात आणि लोक त्यांवर शेकडो किलोमीटर जातात. फोमचा कण नाही! (आपल्या पावसाळ्यात ते चामडं सांभाळायचं हा वेगळा व्याप.)

माझा राग दुकानदारांवर आहे. रुंदी मिलिमीटरमध्ये असते, मग गिऱ्हाइकाला ती विचारत का नाही? एक पुठ्ठा दुकानात ठेवायला काय जातं? आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हवा गेलेल्या चांगल्या सायकली धूळ खात पडल्यात. विचारलं की उत्तर एकच, 'आपल्याला नाही झेपत'. सीट चुकीची, आणि दोष शरीराला!

असो. मित्राला घरी आणून पुठ्ठ्यावर बसवला. अंतर भरलं बारा सेंटीमीटर, जुनी सीट साडेचौदा. म्हणजे रुंदी व्यवस्थितच होती. पण सीटचं नाक चांगलंच वर उचललेलं होतं! ॲलन कीने बोल्ट ढिला केला, नाक सपाट केलं. मग टाच सर्वात खालच्या पायडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी उंची लावली. खर्च शून्य.

काल तो तीस किलोमीटर जाऊन आला. जेलची सीट अजून दुकानातच आहे, कुणाच्या तरी अंगठ्याची वाट बघत.