सर्व्हर दोन, गोदाम एकच?

शहागंजातील दुकानाचे बिलिंग आणि वाळूजच्या कारखान्याचा स्टॉक दोन व्हर्च्युअल सर्व्हरवर ठेवायचा, तर बांधवांना सामाईक स्टोरेजची एक पेटी सुचवली जाते. आमच्या मते हा सौदा तोट्याचा. पेटी बंद पडली की दोन्ही सर्व्हर ठप्प! त्यापेक्षा दोहोंत स्वतंत्र डिस्क घालून प्रॉक्समॉक्सचे झेडएफएस रेप्लिकेशन लावावे. ते मुळात दर १५ मिनिटांनी नक्कल करते, अंतर कमीही करता येते. मधल्या वेळच्या पावत्या पुन्हा लिहिण्याची तयारी मात्र हवी. एक सर्व्हर गेल्यास दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही, म्हणून तिसरे मत लागते. ते एखादा जुना संगणकही देतो. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली खतावणी सगळ्याच डिस्कवरून पुसली जाते, तेव्हा एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी.