बिनआरशाचा कॅमेरा आणि माळवदाचे पैसे

कुंभारी हें आमचें गांव सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथें आमचा जुना धाब्याचा वाडा असून त्याचें माळवद गेले दोन पावसाळे गळत होतें. दुरुस्तीसाठीं आम्हां भावांनीं मिळून पैसे बाजूस टाकले, गवंड्याशीं बोलणें झालें, आणि इतक्यांत आमच्या पुतण्यानें त्याच पैशांकडे बोट दाखविलें. त्यास नवा कॅमेरा पाहिजे होता. तोहि साधासुधा नव्हे, तर पूर्ण चौकटीचा, बिनआरशाचा, फोटो आणि चलच्चित्र दोन्ही सारखेच उत्तम काढणारा. किंमत ऐकतांच आमच्या वडील बंधूंनीं चष्मा काढून पुसला, आणि तो पुन्हां लावण्यास बराच वेळ घेतला. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रश्न ह्या ना त्या रूपानें आला असेल; म्हणून आमच्याकडे जो ऊहापोह झाला तो येथें मांडतों.

प्रथम मुलाची बाजू. पुण्याची नोकरी सोडून तो गांवीं परत आला तेव्हां घरांत कोणास आनंद झाला नाहीं हें खरें. परंतु त्याचा हिशेब अगदींच पोकळ नव्हता. कुंभारीच्या माळावर २००६ सालीं गोदूताई परुळेकरांच्या नांवानें विडी कामगार भगिनींची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्यें रे नगर ह्या तीस हजार घरांच्या योजनेंतील पहिल्या पंधरा हजार घरांचा ताबा श्रमिकांस मिळाला. ज्या माणसास आयुष्यांत प्रथमच स्वतःचें दार मिळालें तो त्या दारांत उभा राहून फोटो काढवितोच. वास्तुशांत, बारसें, साखरपुडा, लग्न, एकामागून एक कार्यें होतात, आणि तीं सर्व आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. गिऱ्हाईक शोधीत पुण्यास जावयाची गरज काय, हा त्याचा प्रश्न आम्हांस निरुत्तर करून गेला.

दुसरें कारण मात्र त्याच्या मनास लागलेलें होतें. गतवर्षीं वैशाखांत एका मुंजीचें काम त्यानें घेतलें होतें. गच्चीवर पत्र्याचा मांडव, बाहेर सोलापूरचें ऊन, आणि हातीं भाड्यानें आणलेला कॅमेरा. मातृभोजनास बटु आईच्या शेजारीं बसला, आईनें पहिला घास उचलला, आणि कॅमेऱ्यानें तापल्याची खूण दाखवून डोळे मिटले! पुढचीं वीस मिनिटें तो उघडला नाहीं. मुलानें सर्व पैसे परत केले, यजमानांनीं रागाचा शब्दहि काढला नाहीं, पण त्या माउलीनें एवढेंच विचारलें कीं, "मग तें कांहींच आलें नाहीं का?" हा प्रश्न त्याच्या कानांतून अद्याप गेलेला नाहीं. कॅमेऱ्यांबरोबर येणारी माहितीची पुस्तिका कोणी वाचीत नाहीं. ती वाचली तर बहुतेक कंपन्या ० ते ४० अंशांपर्यंतचीच हमी देतात असें दिसून येईल. आमच्याकडे मे महिन्यांत सावलींतला पारा ४० च्या वर असतो. तेव्हां जपानांत बनलेल्या वस्तूस सोलापूरचा उन्हाळा विचारून घेणें हें पहिलें काम.

आतां ही वस्तु काय आहे तें पाहूं. जुन्या कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असे. त्यावरून दृश्य डोळ्यास दिसे, आणि खटका दाबतांच आरसा वर उचलला जाई. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हा आरसाच काढून टाकला आहे. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जें दिसतें तेंच छोट्या पडद्यावर डोळ्यास दिसतें. चित्र काळें येणार कीं उजळ, हें खटका दाबण्यापूर्वींच कळतें. बॅटरी मात्र लौकर संपते, म्हणून खिशांत दोन जादा हव्यातच. 'पूर्ण चौकट' म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर; १९२५ सालीं बाजारांत आलेल्या लायका कॅमेऱ्यानें रूढ केलेल्या फिल्मच्या चौकटीचें हें माप शंभर वर्षें टिकून आहे. मध्यम आकाराच्या सेन्सरहून तो क्षेत्रफळानें दुपटीपेक्षांहि मोठा, आणि मोबाइलच्या सेन्सरपुढें तर परातीपुढें वाटी. समईच्या उजेडांत गौरी बसलेल्या असतां दिवा न लावतां फोटो घ्यावयाचा तर ही परात उपयोगी पडते. दुपारच्या उन्हांत काढलेल्या फोटोंत मात्र सामान्य डोळ्यास फारसा भेद दिसत नाहीं. दुकानदार हें सांगणार नाहीं, म्हणून आम्ही सांगतों.

आंकड्यांचा मोहहि असाच. सोनीचा ए७ मार्क ४ हा २०२१ सालचा कॅमेरा ३३ मेगापिक्सेलचा. कॅननचा आर६ मार्क २ हा २०२२ सालचा, आणि निकॉनचा झेड६ मार्क ३ हा २०२४ सालचा, दोन्ही २४ च्या घरांतले. तिघांच्याहि नुसत्या धडाची किंमत बाजारांत येतांना अडीच लाखांच्या आसपास होती. ३३ मोठे कीं २४, हें शाळेंतलें पोरहि सांगेल. परंतु लग्नाच्या अल्बमाचें पान १२ बाय १८ इंचांचें, आणि इंचास ३०० ठिपके ह्या उत्तम छपाईच्या मापानें त्यास १९ मेगापिक्सेलांहून थोडें अधिक लागतात. २४ त पान भरून उरतें.

चलच्चित्राची गोष्ट निराळी, आणि खरी परीक्षा तेथेंच आहे. आठ बिटांच्या चित्रणांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा येतात, दहा बिटांच्या चित्रणांत १,०२४. अष्टपुत्रीचा पिवळा आणि शालूची जर नंतर संगणकावर सांवरावयाची झाल्यास आठ बिटांचा रंग फाटतो, पट्टे दिसूं लागतात. दहा बिटांचा तग धरतो. पण त्याची किंमत सांठवणींत मोजावी लागते. सेकंदास २०० मेगाबिट ह्या वेगानें एक तास चित्रण केलें तर ९० गिगाबाइट जागा जाते, म्हणजे पांच तासांच्या लग्नास साडेचारशें. तीं दोन ठिकाणीं ठेवावयाचीं, कारण एक डिस्क केव्हां दगा देईल तें ब्रह्मदेवासहि ठाऊक नसतें. कार्डें, डिस्का, ध्वनिग्राहक, दिवे, हें सर्व मांडल्यावर आमच्या घरांतून असें सुचविण्यांत आलें कीं, घोड्याच्या किमतीची चर्चा पुरे, आतां नाल, खोगीर आणि दाणावैरण ह्यांचा जमाखर्च लिहा. तो लिहिला, आणि बेरीज दीडपट झाली.

ह्या बैठकींत पुतण्यानें इतिहासाचाहि आधार घेतला. मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, हे मूळचे फोटोग्राफर. १८९६ सालीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें मुंबईस दिसलीं, आणि त्यानंतर सावेदादांनीं विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागविला. रुपयास एक शिलिंग चार पेन्स ह्या दरानें ते सुमारें ३३० रुपये होतात. त्या काळीं ही लहान रक्कम नव्हे. १८९९ सालीं हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती त्यांनीं टिपली, आणि रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले त्या वेळचें स्वागतहि टिपलें. फोटोवाल्यानें चलच्चित्राकडे वळण्याची ही आपल्याकडील पहिली पायवाट. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनास गेले, विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून आधीं वाटाण्याचा अंकुर वाढतांना एकेका चित्रानें टिपून दाखविला. पुढें सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले, रात्री अंधाऱ्या खोलींत फिल्मला भोकें पाडलीं. येथें वहिनींनीं मध्येंच विचारलें, "सरस्वतीबाईंचें नांव कोणाच्या पाटल्यांकडे पाहून निघालें आहे तें आधीं कळूं दे." त्यावर सर्व हंसले, आणि पाटल्यांचा विषय तेथेंच मिटला. आम्हांस मात्र त्या गोष्टींतला वाटाणा अधिक पटला. कर्ज मागण्यापूर्वीं फाळक्यांनीं काम करून दाखविलें होतें.

म्हणून असें ठरलें कीं, जानेवारींत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेंत तीन दिवस कॅमेरा भाड्यानें आणावा आणि आम्हां सर्वांस चित्रण दाखवावें. तें दिवाणखान्याच्या भिंतीवर पाहतांना एक चमत्कार दिसला. नंदीध्वज तोलणारा भक्त पाय रोवून सरळ उभा, पण कॅमेरा झरकन् वळला कीं तो उंच ध्वज एका अंगास कललेला! वडील बंधु दचकून उठले. कारण असें कीं, सेन्सर एकदम सारें दृश्य वाचीत नाहीं, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमानें वाचतो; मधल्या काळांत कॅमेरा फिरला कीं खांब वांकडे. नव्या कांहीं कॅमेऱ्यांत ही वाचणी बरीच जलद आहे, निकॉनच्या उपरिनिर्दिष्ट कॅमेऱ्याची ख्याति त्यासाठींच. परंतु त्यावरचा दुसरा उपाय फुकट आहे, तो म्हणजे हात सावकाश वळविणें. दुसऱ्या दिवशींच्या चित्रणांत ध्वज सरळ होते. तसेंच दिव्यांच्या रोषणाईंत पहिल्या रात्रीं पडद्यावर काळे पट्टे धांवत होते. आपली वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची, म्हणून सेकंदास २५ चित्रें आणि पन्नासाव्या भागाचा खटका ठेवतांच बरेचसे नाहींसे झाले. हें सर्व त्यानें आपण होऊन शोधून काढलें. बंधूंचें मन तेथें वळलें असावें.

उष्णतेसाठीं पॅनासॉनिकच्या एस५ मार्क २ चा विचार पुष्कळ झाला. २०२३ सालच्या ह्या कॅमेऱ्यांत वारा खेळता राहावा म्हणून पंखाच बसविलेला आहे. आमचें मत त्याकडे झुकलें होतें. पण पुतण्याजवळ जुन्या आरशाच्या कॅननचीं तीन भिंगें होतीं, आणि मधें एक कडें बसविलें म्हणजे तीं नव्या कॅननवर चालतात. धड चार वर्षांत जुनें होतें, भिंग वीस वर्षें जातें. ज्याचीं भिंगें त्याचें धड, हा हिशेब मान्य करावा लागला. शेवटीं आर६ मार्क २ घेतला. उन्हाळ्याची तजवीज म्हणून जुना कॅमेरा विकला नाहीं. कार्याच्या वेळीं तो तिपाईवर चालूच ठेवावयाचा, आणि नवा सावलींत राखावयाचा. माळवदापैकीं स्वयंपाकघर आणि माजघर ह्यांवरचें तेवढें झालें. उरलेले पैसे पुतण्याच्या नांवें वहींत उसने मांडले, परतफेड लग्नसराईंतून. आणि आमच्या मातोश्रींनीं एक अट घातली कीं, पहिलें चित्रण त्यांचें.

मातोश्रींचें वय शहाऐंशी. माहेर अक्कलकोटाकडचें, त्यामुळें त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांत मराठींतून केव्हां कानडी सुरू होतें तें कळत नाहीं, आणि त्या ओव्या आतां घरांत दुसऱ्या कोणास येत नाहींत. ज्येष्ठांत एका दुपारीं त्या ओसरीवर बसल्या. पूर्वीं पुष्कळ कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटें ५९ सेकंदांनीं आपोआप थांबे, कारण यूरोपांत अर्ध्या तासापलीकडे टिपणाऱ्या यंत्रावर निराळी जकात होती; ही अडचण आतां राहिली नव्हती. त्यांनीं विचारलें, "किती वेळ चालेल हें?" पुतण्या म्हणाला, "तुम्ही थकेपर्यंत, आजी." त्या पन्नास मिनिटें थकल्या नाहींत. मध्यें पाऊस आला. ओसरीवरच्या माळवदाची दुरुस्ती राहिलेली असल्यानें पितळी पातेलें लावलें होतें, आणि त्यांत पडणारा थेंब नव्या ध्वनिग्राहकानें इतका स्वच्छ टिपला कीं, ओवीच्या प्रत्येक चरणामागें तो टप्प टप्प ऐकूं येतो. पुतण्या म्हणतो, संगणकावर तो आवाज काढून टाकतां येईल. मातोश्री म्हणतात, राहूं दे. वडील बंधु म्हणतात कीं, ओसरीचें काम दिवाळीपूर्वीं झालेंच पाहिजे, आणि वहींत त्यांनीं तशी तारीख घातली आहे.